बिनकुटाची पंगत

आता तुम्हीच सांगा, ज्याचं तोंड सुजते त्यानं सांगावं, का ज्याचं सुजत नाही त्यानं सांगावं? मी म्हणतो, बापा, मले शेंगदाणा चालत नाही, तं समोरचा माणूस हाव म्हणत नाही, नाही म्हणत नाही, माह्याकडं असं पाह्यते जसं मी त्याच्या वावराचा बांध कोरला, अन् मंग मान वाकडी करून, बोटाचं पेर दाखवून म्हणते, "एवढ्याशानं काय होते?"

एवढ्याशानं काय होते... तुमाले सांगतो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मी मेल्यावर पिंडाले कावळा शिवला नाही तं कोणीतरी त्या कावळ्यालेही हेच म्हणन.

मी शालिग्राम. देऊळघाटचा शिंपी. आता शिंप्याचं कसं असते, लगीनसराई लागली की मशीन बैलगाडीत टाकायचं अन् लग्नघरी जाऊन ओसरीत बसायचं, झंपर शिवा, परकर शिवा, नवरदेवाचा कोट शिवा, अन् जिथं शिवायचं तिथंच जेवायचं. म्हणजे माहं पोट माह्या घरी कमी अन् लोकाच्या घरी जास्त भरते. अन् लोकाच्या घरी काय असते? वांग्याची भाजी, तिच्यात कूट. आलूची भाजी, तिच्यात कूट. उपासाची उसळ, तिच्यात कूट. काकडीची कोशिंबीर, तिच्यात कूट. तिच्यावर फोडणी, ती गोड्या तेलाची, म्हणजे पुन्हा शेंगदाणाच. एका घरी मी म्हटलं, बाई, मले नुसतं ताक द्या, तं त्या बाईनं ताकासोबत आग्रहानं चिक्की दिली. आमचा जिल्हा आधी मध्यप्रदेशात होता, मंग मुंबई राज्यात गेला, मंग महाराष्ट्र झाला, झेंडे लागले, पेढे वाटले, सगळं झालं, पण तीन तीन राज्यं बदलली तरी रश्श्यातलं कूट काही हाललं नाही.

लहानपणापासून असंच आहे हे. दाणा तोंडात गेला की आधी जीभ खाजवते, मंग ओठ जड होतात, मंग अंगावर गांधी उठतात, अन् मंग गळ्यात कोणीतरी मूठ आवळून बसल्यासारखं होते. गावातले म्हणत, नजर लागली. कोणी म्हणे, बाहेरचं आहे. एका भगतानं माह्यावरून लिंबू उतरवलं अन् जाता जाता प्रसाद म्हणून हातावर गूळ-दाणे ठेवले. घ्या. माह्या मायनं, मंजुळाबाईनं, ते गूळ-दाणे त्याच्याच झोळीत टाकले अन् त्या दिवसापासून घरात दाणा आणला नाही. तिनं दुखण्याचं नाव विचारलं नाही, कारण विचारलं नाही, करडीचं तेल आणलं अन् जवसाची चटणी कुटली. बस. माय गेल्यावर लग्न झालं, बायको भेटली तानाबाई, तिलेही एकदा सांगितलं, ती हाव म्हणाली अन् विषय संपला. म्हणजे दोन बायका अशा निघाल्या की एका वाक्यात समजल्या.

तिसरी म्हणजे आमची सासू. अन्नपूर्णाबाई. राह्यणार दुसरबीड. नाव कोणी ठेवलं कोणास ठाऊक, पण ज्यानं ठेवलं त्याले पुढचं दिसलं असन. त्या बाईच्या घरून माणूस उपाशी जाणं तं सोडाच, पोट भरल्यावरही जाऊ शकत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाले हाक मारून विचारते, "जेवून जाऊन राह्यले का तसेच?" अन् तिच्या हातचा वांग्याचा रस्सा म्हणजे काय विचारता, आजूबाजूच्या गावात नाव. त्याच्यात काय असते? बरोबर.

तं त्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिन्यात जवायाले धोंडे जेवाले बोलावतात हे तुमाले माहीतच आहे. आम्ही गेलो दुसरबीडले. तानानं आईले ताकीद दिली होती, "माय, याहिच्या जेवणात दाणा घालशीन नको, हे मरतीन." सासू म्हणे, "हाव वं, मले का समजत नाही?" अन् खरं सांगतो, तिनं बिनकुटाचा रस्सा केला. केला, अन् चाखून पाह्यला. अन् तिथं घात झाला. तिले वाटलं, अधिक महिन्याचा जवाई, पाटावर बसलेला, अन् त्याच्या वाटीत हे असं पाण्यासारखं? लोक काय म्हणतीन? हात आपोआप डब्यात गेला अन् चिमूटभर कूट रश्श्यात पडलं. मनात म्हणे... तुमाले माहीत आहे मनात काय म्हणे.

मी दुसरा घास घेतला अन् जीभ खाजवाले लागली. मले वाटलं तिखट असन. तिसऱ्या घासाले ओठ जड. मी तानाकडं पाह्यलं, तानानं माह्याकडं पाह्यलं, मंग आम्ही दोघांनी सासूकडं पाह्यलं, अन् सासू चुलीकडं पाहून राह्यली होती. झालं. पाटावरून आडवा झालो. मंग शेजारपाजारचे जमले अन् एकेकाचे इलाज सुरू. एक म्हणे, कांदा हुंगवा. एक म्हणे, याले फेफरं आहे, चप्पल हुंगवा. एकानं दोन्ही सोबतच हुंगवले. मले श्वास येऊन नाही राह्यला अन् हे लोक मले हुंगाले लावून राह्यले, आता श्वासच नाही तं हुंगू कशानं?

नशीब असं की सडकेवर हॉटेलाजवळ कापसाच्या गाठीचा ट्रक उभा होता. तानानं त्याच्या डायवरले काय सांगितलं माहीत नाही, पण तो चहाचा कप तसाच ठेवून उठला. मले समोर बसवलं, ताना बाजूले, अन् गाडी सुरू होते न होते तं सासूही कास्टा खोचून वर चढली. मेहकर येईलोक ती बाई एक शब्द बोलली नाही. सासू अन् एक शब्द नाही, तेव्हाच मी समजलो की आपण काही वाचत नाही. डोळे सुजून बंद झाले होते. ताना माहा हात धरून होती अन् सारखी म्हणे, "श्वास घ्या, श्वास घ्या," अन् मी घेऊन राह्यलो होतो बापा, जेवढा भेटन तेवढा, लोकाच्या विहिरीतून चोरून पाणी काढावं तसा.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाह्यल्याबरोबर सुई मारली. थोड्या वेळानं गळ्यातली मूठ सुटली. मंग डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं होतं?" सासू पदर तोंडाले लावून म्हणाली, "एवढंसंच घातलं होतं जी. एवढ्याशानं काय होते म्हटलं."

डॉक्टर काही रागावला नाही. शांतपणे म्हणे, "बाई, विंचू केवढा असते?"

सासूनं बोटानं माप दाखवलं, एवढा. अन् मंग त्या स्वतःच्याच बोटाकडं पाहत बसली अन् जी रडाले लागली, की तुमाले सांगतो, बाजूच्या खाटेवरचे पेशंट मी मेलो असं समजले. एक जण तं मले पोचवायच्या तयारीनं उठूनही बसला.

डॉक्टर म्हणे, याले अलर्जी म्हणतात. सासू डोळे पुसत म्हणे, "अर्जी? कोणाले केली अर्जी?" डॉक्टर म्हणे, अर्जी नाही, अलर्जी. सासू म्हणे, "हाव, तेच. पण कोणाले?" डॉक्टरनं माह्याकडं पाह्यलं, मी बोलू शकत नव्हतो, अन् तिथून ते नाव जे पडलं ते पडलंच. जिल्हाभर मी अर्जीवाला शालिग्राम.

आता कोणाले वाटन, गोष्ट इथं संपली. जवाई वाचला, सासू शहाणी झाली. नाही भाऊ. माणूस चुकते तेव्हा सोसवते, पण सुधरते तेव्हा सोसवत नाही. आमची सासू आमच्यासोबत देऊळघाटले आली. म्हणे, चार दिवस जवायाची तब्येत पाह्यते. अधिक सरला, लग्नं सुरू झाले, मी मशीन गाडीत टाकलं, पाह्यतो तं मशीनच्या बाजूले सासू बसलेली. म्हटलं, "मामी, तुम्ही कोठी?" म्हणे, "तुमच्यासंगं. लोकाचा भरोसा नाही. लोक घालतात." कोण म्हणून राह्यलं पाहा.

अन् मंग प्रत्येक लग्नघरी तोच तमाशा. मी ओसरीत मशीन मांडतो, अन् आतून माह्या सासूचा आवाज, "झाकण काढा, पाहू द्या. हे काय? हे तीळ का दाणे? बोटावर घ्या. तुमी खा आधी." आमच्याकडं लग्नाचा सैपाक करते जानराव आचारी, मोठा माणूस, पाच गावचे लोक त्याले मान देतात. त्याच्या कढईसमोर ही जाऊन उभी. तो म्हणे, "मावशी, तुमी नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?" सासू म्हणे, "मी अर्जीकडची."

मले जमिनीत गाडून घ्यावं वाटे. अंगाचं माप घ्यायच्या वेळेस बाया मले म्हणत, "शालिग्रामभाऊ, तुमची सासू सांगत होती, तुमचं तोंड पोळ्याच्या बैलासारखं झालं होतं म्हणे." अन् टेप गळ्यात अडकवलेला मी काय बोलू? हाव म्हणायचं, अन् दंडाचं माप घ्यायचं.

पण एक गोष्ट खरी. जानराव सगळ्यात आधी एक लहान कढई बिनकुटाची काढाले लागला. करडीच्या तेलात. सासू तिच्यावर झाकण ठेवून, झाकणावर पाट ठेवून, पाटावर स्वतः बसे. जन्मात पह्यल्यांदा मी लोकाच्या लग्नात पोटभर जेवलो. सुधरलेली सासू म्हणजे काय असते, हे माह्याइतकं कोणी जाणत नाही.

अन् मंग काय झालं, हे सगळं ऐकून एक दिवस दुकानात हुस्नबानो आली. अब्दुल गनीची बायको, आमच्याकडं घरोघरी बांगड्या भराले जाते. टोपली खाली ठेवली, इकडं तिकडं पाह्यलं अन् हळूच म्हणे, "भाई, मेरे को बैंगन से ऐसाच होता. बचपन से बोलती मैं, कोई मानताच नहीं. दावत में बोलते, दालचे में से बैंगन बाजू कर के खा लो, इत्ते से क्या होता?" मी म्हटलं, बाई, बसा. आपण एका गावचे आहोत. तिच्यामागून दोन दिवसानं आले भगवंतराव. पहिलवान माणूस, मिशा अशा की दोन्ही बाजूले लिंबं ठेवावेत. दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं अन् म्हणे, "शालिग्राम, कोणाले सांगशीन नको. मले दूध चालत नाही. अंगभर गांधी उठतात." म्हटलं, मंग तालमीत गडवाच्या गडवा दूध पेता ते? म्हणे, "पेत नाही बे. मागच्या दारानं म्हशीलेच पाजतो."

असे आम्ही माह्या दुकानाच्या ओट्यावर बसाले लागलो. कोणाले काय चालत नाही, कोणत्या घरी काय शिजून राह्यलं, कोणाच्या हातचं डोळे झाकून खाता येते, अन् कोणाच्या हातचं डोळे उघडे ठेवूनही खाऊ नये. लोक हसत. जाता-येता म्हणत, "भरली का अर्जीवाल्याहिची कचेरी?" हसा म्हटलं. गळा आमचा आवळते, तुमचा नाही. अन् खरं सांगू काय, दुखण्याचं एवढं दुःख नसते जेवढं कोणी खोटं समजल्याचं असते. ओट्यावर कोणी कोणाले खोटं समजत नव्हतं. तेवढ्यासाठी पहिलवान रोज यायचा.

दसऱ्याच्या सुमारास हुस्नबानो आली ते टोपली न ठेवताच बोलाले लागली. म्हणे, "उकंडराव की बहू देखी क्या तुमने?" उकंडराव म्हणजे आमच्या गावचे बरे शेतकरी, त्याहिच्या मोठ्या पोराचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं, सून आणली वरवट बकालची, चांगुणा तिचं नाव. हुस्नबानो म्हणे, लग्नात ज्या मापाच्या बांगड्या दाबून दाबून भराव्या लागल्या, त्या आज हात खाली केला की आपोआप गळून पडतात. पोरगी वाळून चालली.

अन् मले आठवलं, महिन्याभरापूर्वी त्याच घरून झंपर आले होते, बाजूनं आत घ्याले. लग्नाचे झंपर मीच शिवलेले. मी मुकाट्यानं आत घेतले, टाका मारला, पाठवून दिले. डोक्यात काही आलंच नाही. आता बोला, शिंपी आहो मी. लोकाहिच्या अंगाचं माप घेतो म्हणतो, अन् माणूस अर्धा झाला ते समजलं नाही.

सासू आमच्या ओट्यावर लसूण सोलून राह्यली होती. तिनं विचारलं, "काय खाते ती पोरगी?" हुस्नबानो म्हणे, कोरी भाकर अन् मीठ. भाजीले हात लावत नाही. सासू उठली, पदर खोचला, म्हणे, "चला जवाई." म्हटलं, "कोठी?" म्हणे, "तिले अर्जी आहे." म्हटलं, "मामी, लोकाच्या घरातली गोष्ट, सासू-सुनेचा मामला, आपण कोण?" म्हणे, "मी सासू नाही काय?"

गेलो. मी, सासू अन् हुस्नबानो. भगवंतराव पहिलवान कोपऱ्यालोक आला अन् म्हणे, मी इथं उभा राह्यतो, गरज पडली तं हाक मारा. सुभद्राबाईले, म्हणजे उकंडरावच्या बायकोले, पहिलवानही भेते हे मले त्या दिवशी समजलं.

उकंडरावचं आंगण म्हणजे काय सांगू तुमाले... नवा भुईमूग निघालेला. शेंगाचा ढीग माह्या छातीएवढा. मले पाहूनच घाम फुटला. वाघाच्या गुहेत शेळीनं पाहुणं जावं तसा मी एका कोपऱ्यात टेकलो. सुभद्राबाई शेंगा तोडून राह्यली होती, उकंडराव बाजूले दोर वळून राह्यले होते. सुभद्राबाईनं सुपात ओल्या शेंगा घेऊन माह्याच समोर ठेवल्या. "या, बसा, शेंगा खा."

आमच्या सासूनं सूप बाजूले केलं अन् एकदम मुद्द्यावर आली. "बाई, तुमची सून काऊन उतरली?"

सुभद्राबाई म्हणे, "नखरे, दुसरं काय? भाजी खात नाही, चटणी खात नाही. मीठ लावून भाकर खाते अन् गावाले दाखवते की सासू खाले देत नाही. मी का देत नाही काय? मी स्वतः तिच्यासाठी दाण्याचे लाडू केले, ते तिनं गाईले घातले. मायच्या घरी जायचं निमित्त आहे सारं."

"तिले अर्जी असन," आमची सासू म्हणे.

"आमच्या घरात कोणी अर्जी-बिर्जी करत नाही," सुभद्राबाई म्हणे. "आमचं जे काय असते ते तोंडावर असते."

मंग सासूनं मले पुढं केलं. अक्षरशः दंडाले धरून. अन् दुसरबीडची सगळी कथा सांगितली, पहिल्या घासापासून, अन् माह्या चेहऱ्यावर बोट ठेवून ठेवून, "हे इथून सुजलं, हा ओठ इथलोक आला होता, नाक कोठी आहे समजत नव्हतं," अन् मी बसलो बाजारातल्या बैलासारखा, ज्याचे दात पाहून राह्यले. पण एक सांगतो, स्वतःच्या चिमटीची गोष्ट तिनं लपवली नाही. म्हणे, "मीच घातलं, बाई. लाजेपायी घातलं. लेकीचं कुंकू पुसाले निघाली होती मी."

सुभद्राबाई ऐकून घेत होती. ऐकून झालं अन् तिनं ढिगातून एक शेंग उचलली, फोडली, एक दाणा बोटात धरला अन् माह्यासमोर केला. म्हणे, "खाऊन दाखवा. माह्या डोळ्यासमोर काय होते ते पाह्यते. झालं काही, तं सुनेच्या ताटात दाणा पडू देणार नाही. एक तं आहे. एवढ्याशानं काय होते?"

आता बोला. नाही खाल्ला तं मी खोटा, अन् मी खोटा म्हणजे ती पोरगीही खोटी. खाल्ला तं... डॉक्टर आहे बुलढाण्याले, अन् गावात ना मोटर ना ट्रक. माह्या सासूकडं पाह्यलं, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. हुस्नबानो पुटपुटाले लागली होती. अन् माहा हात... याले मर्दपणा म्हणा का गाढवपणा म्हणा, पण माहा हात थोडासा पुढं गेला. गेला खरा.

तेवढ्यात चौकटीतून आवाज आला, "त्याहिले नका देऊ, आत्याबाई."

चांगुणा. मी तिले लग्नानंतर पह्यल्यांदा पाहून राह्यलो होतो. पदर डोक्यावरून असा पडलेला, जसं लुगडं खुंटीवर टांगलं आहे. ती बाहेर आली, सुभद्राबाईसमोर उभी राह्यली अन् हात पसरला. म्हणे, "परक्याचा माणूस आहे तो, त्याचा जीव काऊन घेता? पाह्यचंच असन तं मले द्या. मी तुमच्या घरची आहो."

सुभद्राबाईचा दाणा धरलेला हात तसाच वर.

चांगुणा म्हणे, "लहानपणी खाल्ला होता तं गळा बंद झाला होता. माय म्हणे, तिकडं सांगशीन नको, दुखणाईत म्हणून वापस पाठवतीन. म्हणून बोलली नाही. तुमी केलेले लाडू गाईले घातले, ते चुकलं माहं. पण तुमी प्रेमानं केले होते, ते मले समजत होतं."

उकंडरावनं दोर वळणं थांबवलं. खाली पाहूनच म्हणे, "घरात आली तवापासून पोरगी आज एवढं बोलली."

सुभद्राबाईनं त्या पसरलेल्या हाताकडं पाह्यलं. मंग मनगटाकडं, तिथं बांगड्या पार कोपराजवळ सरकवून ठेवल्या होत्या, गळू नयेत म्हणून. तिनं मूठ मिटली. आता त्या दाण्याचं काय करावं हे तिले सुचे ना, ठेवते कोठी? शेवटी आंगणात टाकला. एका कोंबडीनं येऊन उचलला. आम्ही सगळे त्या कोंबडीकडं पाहून राह्यलो. कोंबडी मजेत निघून गेली.

"कोंबडीले तं काही झालं नाही," सुभद्राबाई म्हणे. अन् मंग चांगुणाचा हात धरून तिले खाली बसवलं. "तीळ चालते?" चांगुणा म्हणे, हाव. "खोबरं?" हाव. "जवस?" हाव. "मंग आधी बोलाले काय झालं होतं तुले? मी का वाघ आहो?"

आम्ही सगळे जमिनीकडं पाहाले लागलो. उकंडराव तं दोराकडं असे पाह्यत होते जसं दोरात अक्षरं आहेत.

पण बाई पक्की निघाली. त्याच संध्याकाळी पाटा-वरवंटा राखेनं घासला, धुतला, सुनेचं भांडं वेगळं नाही केलं, साऱ्या घराचीच चटणी बदलली. भुईमूग पिकवणाऱ्या घरात जवसाची चटणी. उकंडराव तोंड वाकडं करून खात, पण खात. अन् आमची सासू, सांगाले हरकत नाही, त्या दिवसानंतर दुसरबीडले वापस गेली. जाताना म्हणे, आता इथं सुभद्राबाई आहे, माही गरज नाही. मले वाटलं, सुटलो. मले काय माहीत, एक गेली ती फक्त एका घरची होती, दुसरी जी तयार झाली ती साऱ्या गावाची.

झालं असं, पुढच्या वैशाखात उकंडरावच्या लहान्या पोराचं लग्न निघालं. सुभद्राबाईनं जानराव आचाऱ्याले बोलावून सांगितलं, पह्यली कढई बिनकुटाची, तिच्यात वांगं नाही, दूध नाही, अन् लहान नाही, मोठी काढ. कढई एक म्हणून पंगतही एक, एका बाजूनं बाया, एका बाजूनं माणसं, अन् सगळ्याहिच्या आधी तिलेच वाढायचं, म्हणजे दुसऱ्या पंगतीचं कूट उडून इकडं येणार नाही. म्हातारे कुरकुरले, असं कोठी असते काय? सुभद्राबाई म्हणे, "आमच्या घरी असते." झालं, म्हातारे चूप.

मी तीन दिवस तिथंच शिवून राह्यलो होतो. त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नाही, म्हटलं आज आपली पंगत आहे, हक्काची पंगत आहे, दाबून जेवू. पुकारा झाला, "अर्जीवाले बसून घ्या." मी हात धुऊन येतो, पाह्यतो तं पंगत भरलेली. आमचे अर्जीवाले गावात मोजून पाच-सहा. अन् पंगतीत माणसं बसलेली आंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकालोक. म्हटलं, हे काय? उन्हाचे दिवस, पोटात कावळे, अन् पह्यलं गरम गरम इथं वाढून राह्यले, मंग काय विचारता? एक म्हणे, मलेही कधी कधी खाजवते. एक म्हणे, माह्या आज्याले होतं म्हणतात. भगवंतराव पहिलवान छाती काढून बसला होता, मोठ्यानं सांगून राह्यला होता, "मले दूध चालत नाही," इतक्या वर्षाचं लपवलेलं, असं सांगे जसं कुस्ती मारली. त्याचं खरं होतं, त्याले काही म्हणत नाही. पण त्याच्या बाजूले उकंडराव, ज्यानं जन्मभर शेंगा खाल्ल्या, सकाळीच पसाभर खाताना मी पाह्यलेला, तो मले पाहून म्हणे, "शालिग्राम, मलेही थोडंसं होते रे. वयानं असन."

कशीबशी टोकाले एक पत्रावळ भेटली. बसलो. पाणी फिरवलं. जानराव स्वतः वाढत येऊन राह्यला, वास असा सुटला की... तेवढ्यात समोर चांगुणा. घरची सून, सकाळपासून पाहुण्याहिच्या मागं, आता कोठी तिले सुभद्राबाईनं हाताले धरून आणलं, "बस वं, आधी जेव," अन् बसाले जागा नाही. सुभद्राबाईनं साऱ्या पंगतीवरून नजर फिरवली. ज्यांच्या ज्यांच्यावरून नजर गेली त्यांनी त्यांनी पत्रावळीत मुंडकं घातलं. सख्ख्या सासऱ्यानं तं डोळे मिटून श्लोक म्हणाले सुरुवात केली.

मंग काय, मी उठलो. म्हटलं, "बस बाई, इथं बस." सुभद्राबाई म्हणे, "तुमचं झालं काय?" म्हटलं, "हाव, झालं." पोरगी बसली. रस्सा वाढला, पोळी वाढली. तिनं पह्यला घास घेतला, थांबली नाही, चाचपलं नाही, कोणाले काही विचारलं नाही, सरळ दुसरा घास घेतला, अन् मंग हात वर करून जानरावले म्हणे, "काका, अजून वाढा." सुभद्राबाई मागं उभी राहून पंखा घालत होती.

दुसऱ्या पंगतीले मले बसता येत नाही, ती कुटाची. कढई पाह्यली तं खरडून साफ. टेप गळ्यात टाकला अन् घरी आलो. ताना दारातच. म्हणे, "आज तं तुमची हक्काची पंगत होती. कसा होता रस्सा?"

म्हटलं, "वास तं लय चांगला होता."